महाकाय स्वप्नाचा पायलट : दादासाहेब फाळके

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये वादाला विषय कधी कमी पडत नाहीत. मेसची भाजी, क्रिकेट, कुठली ब्रँच भारी, आणि आमच्या विंगमध्ये तर रात्रीच्या जेवणानंतर हमखास निघणारा विषय म्हणजे ‘मोबाइल सूट गंडम’. सर आणि मॅडम मंडळींसाठी सांगतो, ही १९७९ साली जपानी टीव्हीवर आलेली कार्टून मालिका. जपानी कार्टूनला ॲनिमे म्हणतात. यात पाच-सहा मजली इमारतीएवढे रोबो असतात, त्यांच्या पोटात माणूस बसतो आणि अवकाशात युद्ध चालतं.

या मालिकेची बाजू घेणारे सांगतात की यातला रोबो जादूचा नाही, ते खरंखुरं यंत्र वाटतं. त्याच्या गोळ्या संपतात, तो बिघडतो, त्याला जहाजावर आणून दुरुस्त करावं लागतं. शत्रूच्या सैनिकालाही घरदार असतं. आणि पायलट अमुरो हा पंधरा वर्षांचा पोरगा घाबरतो, रुसतो, एकदा तर पळूनही जातो. विरोधी पार्टी म्हणते, चित्रं घाईत काढलेली आहेत, तोच शॉट फिरून फिरून येतो, मधले कितीतरी भाग एकाच साच्यातले, नवा शत्रू आला, लढला, हरला, गेला. ५२ भागांची ठरलेली मालिका प्रेक्षक मिळेना म्हणून ४३ भागांत गुंडाळावी लागली. मग रोबोची प्लास्टिकची मॉडेल्स बाजारात आली, चित्रपट निघाले आणि तिचं नाव जगभर झालं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून तर वाद संपत नाही.

पण या वादात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. निर्जीव वस्तू कॅमेऱ्यासमोर हलवायची, छोटी वस्तू महाकाय करून दाखवायची, आकाशातून माणूस उडवायचा आणि अख्खी नगरी पेटवून द्यायची, हा उद्योग आपल्या देशात सर्वांत आधी मनावर घेतला तो एका मराठी माणसाने. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्यांना तो माणूस जनरल नॉलेजच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरता माहीत असतो : फादर ऑफ इंडियन सिनेमा, उत्तर दादासाहेब फाळके, एक मार्क. त्या एका मार्कामागे एक पूर्ण आयुष्य आहे. आणि गंडमसारखंच त्यालाही जमेच्या आणि पडत्या अशा दोन बाजू आहेत. म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि घर मुंबईला आलं. शास्त्र्याचा मुलगा म्हणजे त्याने पोथ्या वाचाव्यात, पण धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला, मूर्ती घडवणं, वास्तुकला, फोटोग्राफी, जे जे शिकायला मिळेल ते शिकला. आजच्या भाषेत सांगायचं तर याची ब्रँच कुठली हे कुणालाच सांगता आलं नसतं. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याच्या आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये पहिला नंबर, असं समजा ना!

पण सुवर्णपदकाने पोट भरत नाही. फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. तिशीच्या आतबाहेरचा माणूस एकटा उरला. पुढे बडोद्यात पुन्हा स्टुडिओ टाकला, तर म्हणतात की कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईनासं झालं. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करायला शिकले. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं प्रोफेसर केल्फा. ‘फाळके’ची अक्षरं उलटी वाचून बघा! ही जादू नुसता छंद राहिली नाही, ती पुढे फार कामाला आली.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरचं सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, कारण माझ्या मते या गोष्टीतलं निम्मं इंजिनिअरिंग त्यांच्याकडे जातं.

१९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. आपल्या घरच्यांनी पेढे वाटले असते. पण स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्याला छापखान्याचे ब्लॉक बनवण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध आला तो याच काळात. मग कारखाना दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव झालं. १९०९ मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलं गेलं, पैसा दिसू लागला, आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. फाळके हात झटकून बाहेर पडले. चाळिशी आलेली, घरात मुलंबाळं, हातात काही नाही. भागीदारांशी बिनसणं ही गोष्ट इथे पहिल्यांदा येते. ती परत येणार आहे.

याच रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमाराला, मुंबईच्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण चालू लागले. ते पुन्हा पाहायला गेले ते सरस्वतीबाईंना घेऊन. पडद्यावर हे कसं हलतं ते त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. त्यानंतर या माणसाला दुसरं काही सुचेना. रोज चित्रपट बघायचे, घरी येऊन प्रयोग करायचे, पुस्तकं वाचायची. झोप नाही. इतकं की डोळे गेले. काही काळ दिसेनासं झालं आणि उपचार करून कशीबशी दृष्टी परत आली. एखाद्याने तिथेच नाद सोडला असता.

आता आपल्या कामाचा भाग. पैसे द्यायला कोणी तयार नाही, कारण चित्रपट बनवणं भारतात शक्य आहे यावरच कुणाचा विश्वास नाही. मग फाळक्यांनी काय करावं? एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर लावलं तेव्हा दाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होताना लोकांनी बसल्याजागी पाहिला. याला आज आपण टाइम-लॅप्स म्हणतो आणि मोबाइलमध्ये एक बटण दाबून करतो. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली. थोडक्यात, प्रपोजल लिहीत न बसता माणसाने वर्किंग मॉडेल दाखवलं.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, मग मदत केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहायला मिळालं. विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्ची फिल्म मागवली आणि एप्रिलमध्ये माणूस परत. तिथलं शिक्षण किती दिवसांचं? जेमतेम दोन आठवडे! आपण इथे आठ सेमिस्टर काढतो.

दादरच्या घरातच कारखाना सुरू झाला. त्या वेळी फिल्म कोरी यायची, तिच्या कडेची भोकं आपणच पाडायची. ती सारख्या अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावर चित्र नाचणार. हे काम रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुणं, रसायनं कालवणं त्या शिकल्या. दिवसा शूटिंगला मोठा पांढरा कपडा धरून ऊन नटांच्या तोंडावर परतवायचं, म्हणजे आजचा रिफ्लेक्टर, तोही त्यांनी धरला. मे महिन्यात आपल्या वर्धा रोडवर दुपारी दहा मिनिटं चादर धरून उभं राहून बघा, मग कळेल. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. कंपनीसाठी अंगावरचे दागिने दिले तेही त्यांनीच.

नट मिळाले, पण राणी तारामतीच्या कामाला बाई मिळेना. सिनेमात काम करणं इतकं वाईट समजलं जायचं की सगळीकडून नकार आला. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. साधारण सात महिने खपून ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. लांबी ३,७०० फूट. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये तो लोकांसमोर आला आणि चालला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट एका घरात, स्वयंपाकघराच्या बाजूला तयार झाला, हे वाक्य दोनदा वाचा.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं आणि आपल्या पडद्यावर स्त्री आली. १९१४ मध्ये फाळके चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांच्या कामाचं कौतुक झालं, तिकडेच राहून चित्रपट काढायची संधीही चालून आली. ती नाकारून ते परत आले, कारण नाशिकला त्यांची माणसं वाट बघत होती. आणि इकडे पहिलं महायुद्ध सुरू झालं. पैसा आटला. त्या तंगीतही त्यांनी छोटे छोटे प्रयोगपट केले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात. काडी थोडी सरकवा, एक चित्र घ्या, परत सरकवा, परत एक चित्र घ्या. तेव्हा एका सेकंदाला साधारण १६ चित्रं लागायची, म्हणजे एका मिनिटाला ९६०. गुणाकार सोपा आहे, काड्या सरकवणं सोपं नाही. ॲनिमेवाल्या मित्रांनो, आपल्या देशातल्या ॲनिमेशनची मुळं या काड्यांत आहेत.

१९१७ मध्ये आला ‘लंकादहन’. मारुती उडतो, लंका पेटते. याही चित्रपटात साळुंकेच, आणि यात ते राम आणि सीता दोन्ही! गर्दी इतकी की चिल्लर बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असं सांगतात. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, पाठीशी पैसेवाले भागीदार आले. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ याच काळातले. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती पडद्यावर नुसते हावभाव करून दाखवते, मग तिचाच कृष्ण होतो, आणि तो यमुनेच्या तळाशी जाऊन अजस्र नागाशी लढतो. एवढं पोर आणि एवढा नाग. रोबोच्या मालिका जमवतात तो लहान-मोठ्याचा खेळ हाच तर आहे.

आता फूटपट्टी काढू.

जमेच्या बाजू

पहिली म्हणजे, यंत्राची भीती नव्हती. कॅमेरा उघडायचा, समजून घ्यायचा, आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखवणारा लघुपटही त्यांनी काढला. आपली विद्या झाकून ठेवली नाही.

दुसरी, ट्रिक ही गोष्टीच्या सेवेला लावली. मारुती उडाला पाहिजे म्हणून उडण्याची युक्ती. प्रेक्षकाला रामायण पाठ होतं, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही मूकपट कळला.

तिसरी, स्वदेशी. पैसा, माणसं, गोष्ट, जागा, सगळं इथलं. यंत्रं तेवढी बाहेरची.

पडत्या बाजू

पहिली, साचा. गंडमच्या मधल्या भागांना आपण जे नाव ठेवतो तेच इथे लागू. एकामागून एक पुराणातल्या कथा, शेवटी चमत्कार. पुढे बाबुराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढून शेतकऱ्याचं कर्ज पडद्यावर आणलं. त्या वाटेला फाळके फारसे गेले नाहीत. त्यांची माणसं देव किंवा राक्षस, अमुरोसारखं घाबरणारं, रुसणारं पोर त्यात शोधून सापडत नाही.

दुसरी, काळाची पावलं ऐकली नाहीत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला. फाळके तेव्हा ‘सेतुबंधन’ हा मूकपट करत होते. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. आणि गंमत बघा, १९३२ मध्ये प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला, त्याची कथा हरिश्चंद्राचीच! फाळक्यांचीच गोष्ट, पण पुढच्या पिढीच्या यंत्रावर.

तिसरी सर्वांत मोठी. सगळं मीच करणार. कथा मी, कॅमेरा मी, सेट मी, एडिटिंग मी. १९१३ मध्ये हा गुण होता, कारण दुसरं कोणी ते करू शकतच नव्हतं. पण कंपनी मोठी झाल्यावर तोच गुण अडायला लागला. भागीदारांना हिशोब आणि वेळापत्रक हवं होतं, यांना मनासारखं काम. छापखान्यात जे झालं तेच पुन्हा झालं. १९१९ मध्ये ते कंपनी सोडून काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परत आले, चित्रपट काढत राहिले, पण पूर्वीचा जोर परत आला नाही.

माझ्या मते वरची तिसरी जमेची बाजू आणि ही तिसरी पडती बाजू वेगळ्या काढताच येत नाहीत. ज्या हट्टाने दाण्याला पडद्यावर कोंब फुटला, त्याच हट्टाने भागीदार तुटले. हट्ट काढून टाका, मग पहिला चित्रपटही निघत नाही. काही मित्र म्हणतील की मग भागीदारच चुकले. तसंही नाही. दुसऱ्याचे पैसे लावणाऱ्याने हिशोब मागणं यात गैर काय?

शेवट लवकर सांगतो, कारण तो सुखाचा नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या बोलावण्यावरून त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ केला, वयाच्या ६७ व्या वर्षी. हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. जवळपास शंभर चित्रपट काढलेला हा माणूस नंतर नाशिकला कसेबसे दिवस काढत राहिला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं. सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. पण त्यांच्या बहुतेक फिल्म्स तोवर नष्ट झाल्या होत्या. ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आणि इतर काही तुकडे तेवढे उरले. जपून ठेवायची व्यवस्था ही पण इंजिनिअरिंगचीच बाब आहे, ती कुणीच केली नव्हती.

१९९३ मध्ये युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन यांच्याबरोबर रामायणावर ॲनिमे केला. त्यात कुंभकर्ण महाकाय यंत्रासारखा रणात उतरतो. तो चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आपल्या थिएटरमध्ये लागला. ‘लंकादहन’ ते हा कुंभकर्ण, मध्ये ७६ वर्षं. पण या दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी नावांची लांबच लांब यादी येते, आणि तिथेच फरक कळतो.

गंडममध्ये रोबो एकटा पायलट लढवतो असं वाटतं. नीट बघा. त्याच्या मागे एक जहाज असतं, त्यात नट-बोल्ट आवळणारे मेकॅनिक असतात, जेवण बनवणारा असतो, रडार बघणारे असतात. जहाज नसेल तर तो १८ मीटरचा रोबो म्हणजे भंगार. फाळक्यांना पायलट होता आलं, जहाज बांधता आलं नाही. त्यांचं खरं जहाज घरातच होतं, सरस्वतीबाई. पुरस्कार दादासाहेबांच्या नावाचा, गोरेगावची चित्रनगरी दादासाहेबांच्या नावाची, आणि फिल्मला भोकं पाडणाऱ्या हाताचं नाव वायवात विचारलं तर किती जणांना येईल? २००९ मध्ये परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने ते नाव घरोघरी पोचवलं, हे मात्र चांगलं झालं. नसेल पाहिला तर येत्या रविवारी विंगमध्ये सगळे मिळून बघा.

आणि ज्युनिअर मित्रांनो, आता तुमचे प्रोजेक्ट ग्रुप पडतील. रिपोर्टवर चार नावं आणि काम एकाचं, ही आपल्याकडची जुनी रीत. काम न करणाऱ्या तिघांना सगळेच बोलतात, बोलायलाच पाहिजे. पण जो एकटा सगळं करतो आणि दुसऱ्याला सोल्डरिंग आयर्नला हातही लावू देत नाही, त्यालाही कोणीतरी सांगा. फाळक्यांचा हट्ट घ्या, वाटाण्याच्या दाण्याजवळ महिनाभर बसायचा धीर घ्या. पण रात्री अंधारात भोकं पाडणारं कोण आहे ते बघा, आणि त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी